गुडघ्याएवढी फटफटी

आज मी आपल्याशी एका लहानशा यंत्राविषयी बोलणार आहे. यंत्र इतके लहान, की शेजारी उभे राहिले तर त्याची बैठक आपल्या गुडघ्याला लागते. आवाज मात्र असा, की चार घरची कुत्री उठून बसावीत. याला पॉकेट बाइक म्हणतात, म्हणजे खिशातली मोटारसायकल. आमच्या गावच्या मुलांनी तिला 'बारकी फटफटी' असे नाव ठेवले आहे, आणि ते मला अधिक आवडते. पूर्वी हा श्रीमंतांच्या पोरांचा खेळ होता. आता मोबाइलवर बोट दाबले, की मोटारसायकलीच्या निम्म्याहून कमी किमतीत ती खोक्यात बसून आपल्या दाराशी येते.

गेल्या दिवाळीतली गोष्ट सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी, आता चांगला डाळिंबाचा बागायतदार, असे एक खोके घेऊन आला. "गुरुजी," म्हणाला, "पोराने वर्षभर हट्ट धरला होता. तुमच्या देखत सुरू करू म्हटलं." मी तीस वर्षे शाळेत कार्यशाळेचा विषय शिकवला. माझ्या देखत सुरू करायची म्हटल्यावर मलाही बरे वाटले. चित्र पाहून त्याने हँडल बसवलेच होते. मी गाडीवरून एक हात फिरवला, पेट्रोल घातले, दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला इंजिन बोलू लागले. अकरा वर्षांचा तो मुलगा बसला आणि खळ्यात दोन चकरा मारून आला. सगळे हसत होते. तिसऱ्या चकरेला त्याने हँडल डावीकडे वळवले, आणि गाडी एकदम गुरगुरून पळाली. मुलाने मूठ सोडली, तरी इंजिनाचा वेग उतरेना. सुदैवाने समोर कडब्याची गंजी होती. मुलगा गंजीत आणि गाडी त्याच्या पायावर. कोपर खरचटले आणि तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजली.

त्याच्या आजीने पोटरीवर गार पाण्याची धार धरली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, बैल आणायचा तर आपण दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. ह्याचं तुम्ही काय बघितलंत?"

श्रोतेहो, मला उत्तर देता आले नाही. चूक गाडीची होती, पण त्याआधी माझी होती. आजचे हे भाषण म्हणजे त्या माउलीला दिलेले उशिराचे उत्तर समजा.

पहिली गोष्ट ही, की स्वस्त यंत्र आपण विकत घेतो तेव्हा अर्धेच यंत्र विकत घेतो. किंमत कमी असते, कारण नट आवळणारा, वायर तपासणारा, चालवून पाहणारा कुशल माणूस त्या किमतीत धरलेला नसतो. ते उरलेले अर्धे काम आपल्या अंगणात, आपल्या हातांनी पुरे करायचे असते. ज्याची तयारी आहे त्याने ही गाडी जरूर घ्यावी. ज्याची नाही, त्याने मुलाला चांगली सायकल घेऊन द्यावी. त्यात काही कमीपणा नाही.

आता हे यंत्र आहे तरी काय? घाबरू नका, ते तुमच्या ओळखीचेच आहे. बांधावरचे गवत कापायचा ग्रास कटर किंवा पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप तुम्ही पाहिला असेल. त्यातले इंजिन आणि हे इंजिन चुलतभाऊ. बहुतेक स्वस्त गाड्यांत 49 सी.सी.चे, टू-स्ट्रोक, वाऱ्याने थंड होणारे इंजिन असते. बॅटरी नाही, गिअर नाही. दोरी ओढायची आणि सुरू करायचे. क्लच आपोआप चालतो. त्याची युक्ती गोफणीसारखी आहे. इंजिन सावकाश फिरते तोवर क्लचचे दोन तुकडे स्प्रिंगने आत ओढून धरलेले असतात. वेग वाढला, की गोफणीतल्या दगडासारखे ते बाहेर झेपावतात, बाहेरच्या वाटीला घट्ट टेकतात, आणि चाक फिरू लागते. म्हणून इंजिन नुसते गुणगुणत असताना मागचे चाक स्थिर राहिले पाहिजे. ते फिरत असेल तर कार्ब्युरेटरचा स्क्रू जास्त आवळलेला आहे किंवा क्लचची स्प्रिंग तुटली आहे. असल्या गाडीवर मुलाला बसवू नये.

या गाड्या जपानात आणि इटलीत शर्यतीसाठी वापरल्या जाऊ लागल्या. तिथे त्या खेळणे म्हणून राहिल्या नाहीत. मोठ्या शर्यतीची ती बालवाडी झाली. जपानचा दाइजिरो कातो लहानपणी अशाच गाड्यांवर शिकला आणि 2001 साली 250 सी.सी. गटात जगज्जेता झाला. इटलीच्या मार्को सिमोन्चेल्लीने 1999 आणि 2000 साली आपल्या देशाचे छोट्या गाड्यांचे अजिंक्यपद मिळवले आणि 2008 साली तोही त्याच गटात जगज्जेता झाला. पण ही कथा इथेच थांबवली तर मी तुम्हांला फसवल्यासारखे होईल. कातो 2003 साली सुझुकाच्या शर्यतीतल्या अपघाताने गेला. सिमोन्चेल्ली 2011 साली सेपांगच्या शर्यतीत गेला. आपल्या देशातही 2023 च्या ऑगस्टमध्ये, चेन्नईजवळच्या ट्रॅकवर, मोठ्या मोटारसायकलींच्या शर्यतीत तेरा वर्षांचा एक गुणी मुलगा पडला आणि वाचला नाही. तिथे डॉक्टर होते, रुग्णवाहिका होती, शिरस्त्राण होते. हे भीती घालायला सांगत नाही. खेळ म्हणून हाती घ्यायचे ते काय आहे, एवढे ध्यानात यावे.

आता आजीबाईंच्या पद्धतीने बाजाराला जाऊ.

गाडी घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. पहिला, सुटे भाग कुठे मिळतील? तालुक्याच्या गावी ग्रास कटर दुरुस्त करणारा कारागीर असतोच. त्याला गाडीचे चित्र दाखवा. प्लग, दोरीची स्प्रिंग, कार्ब्युरेटर यांतले काय त्याच्याकडे बसेल, हे तो बघताक्षणी सांगेल. तो मान हलवील तर ती गाडी घेऊ नका. दुसरा प्रश्न, माझ्याजवळ एकूण पैसे किती? त्यातून आधी मुलाच्या डोक्याच्या मापाचे, आय.एस.आय. छापाचे हेल्मेट, हातमोजे, गुडघ्या-कोपरांची कवचे आणि घोटा झाकणारे बूट यांचे पैसे बाजूला काढा. बापाचे हेल्मेट मुलाला चालत नाही. ते पडताना आधीच निघून जाते. उरलेल्या पैशांत गाडी बसत नसेल तर पुढच्या दिवाळीची वाट पाहावी.

जुनी गाडी घेणार असाल तर इंजिन बंद ठेवून दोरी हळूच ओढा. हाताला ताठ विरोध जाणवला पाहिजे. दोरी सैल येत असेल तर आतला दट्ट्या झिजला आहे. चाक हाताने आडवे हलवून पाहा. ते डुगडुगले तर बेअरिंग गेले. मग हँडलची दांडी जिथे सांगाड्याला मिळते, तिथले वेल्डिंग उजेडात न्याहाळा. केसाएवढी रेघ दिसली तरी तो व्यवहार मोडा. रंग लावून ती रेघ झाकता येते, सांधता येत नाही.

नवी गाडी आणली, तर पहिल्या दिवशी पेट्रोल घालूच नका. गाडी गोणपाटावर ठेवा आणि पाना घेऊन एकेक बोल्ट बघत चला. या गाड्यांतले बोल्ट बरेचदा मऊ लोखंडाचे असतात. हँडल, ब्रेक, चाक आणि इंजिन यांचे बोल्ट काढून त्यांच्या जागी डोक्यावर 8.8 हा आकडा कोरलेले चांगले बोल्ट आणि आतून नायलॉनचे कडे असलेले नट बसवा. ते थरथरीने सुटत नाहीत. आणि एक सोपी युक्ती सांगतो. प्रत्येक नट आवळून झाला, की नट आणि सांगाडा या दोहोंवरून मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला हे लहान मूलही सांगेल.

मग मुठीची केबल. बैलाचा कासरा झाडात अडकला तर काय होईल, ते तुम्हांला सांगायला नको. इंजिन बंद असताना मूठ पूर्ण फिरवा आणि सोडा. ती टच्कन मागे आली पाहिजे. हँडल सरळ असताना पाहा, पूर्ण डावीकडे वळवून पाहा, पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. आमच्या गाडीत केबल हँडलच्या पट्टीखाली दबली होती. हँडल सरळ असताना काही कळत नव्हते. डावीकडे वळवले की केबल ताणली जाई आणि इंजिन आपोआप पळे. एका मिनिटाची तपासणी, आणि मी ती केली नव्हती.

तिसरी गोष्ट ब्रेक, म्हणजे वेसण. सायकलीप्रमाणे दोन्ही ब्रेक हातात असतात. ब्रेकच्या तबकडीला कारखान्यातले तेल लागलेले असते, ते स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्या. मग गाडीवर बसून पुढचा ब्रेक दाबा आणि गाडी पुढे ढकला. चाक फिरता कामा नये. मागच्याचेही तसेच. ब्रेकची केबल सैल असेल तर लगेच ताणून घ्या.

चौथी गोष्ट इंजिन बंद करायचे लाल बटण. गाडी सुरू करण्याआधी मुलाला ते डोळे मिटून दहा वेळा दाबायला लावा. मनगटाला बांधायची दोरी असलेला स्विच मिळतो. स्वार पडला, की दोरी निसटते आणि इंजिन गप्प होते. गाडीला तो नसेल तर कारागिराकडून बसवून घ्या. मी म्हणेन, त्यावाचून गाडी चालवूच नये.

पाचवी गोष्ट चेन. पुढचे आणि मागचे दातेरी चक्र एका रेषेत हवे. मागून एक डोळा मिटून पाहिले की कळते. चेन मधोमध बोटाच्या जाडीइतकी वरखाली हलावी. फार सैल असली तर ती उडते, चाकात अडकते आणि चाक जागच्या जागी बसते. चेनवरचे झाकण कधी काढू नका. मुलांची बोटे तिथेच जातात.

हे सारे झाल्यावर पेट्रोल. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात वेगळे तेल नसते. पेट्रोल आणि हवा आधी इंजिनाच्या खालच्या कोठीतून जाऊन मग वर चढतात, म्हणून वंगण पेट्रोलातच मिसळावे लागते. पुस्तिकेत 25 ला 1 असे प्रमाण दिले असेल तर 1 लिटर पेट्रोलला 40 मिलिलिटर टू-टी ऑइल. 50 ला 1 असेल तर 20 मिलिलिटर. ट्रॅक्टरचे तेल चालत नाही. नुसते पेट्रोल घातले तर काही वेळातच दट्ट्या नळीत चिकटून बसतो, आणि धावते चाक एकदम अडते. मिश्रण टाकीत करू नका. वेगळ्या कॅनमध्ये मापाने करा, हलवा, मग ओता. पाण्याच्या बाटलीत तर कधीच ठेवू नका. तहानलेल्या माणसाने असली बाटली तोंडाला लावली, की पुढचे सांगवत नाही. इंजिन गरम असताना पेट्रोल ओतू नका. आणि आजच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते, ते हवेतली ओल धरते. म्हणून गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवून मग बंद करा.

पहिल्या दोन-तीन टाक्या अर्ध्याच मुठीने चालवा. नवा बैल पहिल्या दिवशी कोणी पूर्ण ओझ्याला जुंपत नाही. त्यानंतर स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहा. चहाच्या रंगाचे टोक म्हणजे प्रकृती उत्तम. काळे आणि ओले असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त जाते आहे. पांढरे असेल तर कमी जाते आहे, इंजिन तापते आहे. गाडी थांबवून कार्ब्युरेटर आणि नळी तपासा. हवा गाळणारा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. आपल्याकडच्या धुळीत हे काम दर खेळीनंतर केले तरी अधिक होणार नाही.

आता जागा कोणती? या गाडीचे चाक टायरसकट साधारण एक फुटाहूनही कमी उंच असते, आणि धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा बहुधा नसतात. मोठे चाक ज्या दगडावरून सहज जाते, तोच दगड या चाकाला भिंतीसारखा अडवतो. म्हणून माळ नको, खळे नको. सिमेंटचे किंवा डांबराचे सपाट, कुंपण असलेले, झाडून काढलेले खाजगी आवार हवे. मालकाची परवानगी हवी. आजाऱ्याच्या घराजवळ आणि गोठ्याजवळ तर नकोच. इंग्लंडात 2000 नंतरच्या काही वर्षांत या स्वस्त गाड्यांचे पेव फुटले. मुले त्या पदपथांवर आणि बागांतून पळवू लागली, लोक त्रासले, आणि शेवटी पोलिसांनी गाड्या जप्त करून यंत्रात चिरडायला सुरुवात केली. शेजाऱ्याच्या कानाचा विचार केला नाही, की चांगला खेळही असा बंद पडतो.

रस्त्याविषयी स्पष्टच सांगतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात, चारपेक्षा कमी चाकांचे आणि 25 सी.सी.पर्यंतच्या इंजिनाचे वाहन मोटार वाहन धरलेले नाही. आपली गाडी 49 सी.सी.ची, म्हणजे कायद्याच्या आत आली. तिची नोंदणी नाही, विमा नाही, म्हणून ती रस्त्यावर नेता येत नाही. आणि लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी प्रत्येक वाट कायद्याने सार्वजनिक जागा आहे. आपला पाणंद रस्ताही त्यात येतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. "एवढंसं तर अंतर आहे" असे म्हणून मुलाला दुकानापर्यंत पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग शर्यत करायचीच नाही का? करायची, जरूर करायची. शर्यतीवाचून मुलांना चैन पडत नाही, आणि पडूही नये. पण लहान मुलांच्या गाड्या खांद्याला खांदा लावून सोडू नका. एका वेळी एकच स्वार सोडा आणि घड्याळाशी शर्यत लावा. जुन्या टायरांनी वळणे आखा, सगळ्यांनी एकाच दिशेने जायचे, प्रेक्षक दोरीच्या मागे, आणि एक मोठा माणूस लाल फडके घेऊन उभा. आणखी एक शर्यत सुचवतो. चुन्याची रेघ मारा. वेगात येऊन जो रेघेच्या सर्वांत जवळ, पण अलीकडे थांबेल तो पहिला. शाळेच्या संमेलनात आपण सायकलींची संथ शर्यत लावतो ना, त्याच जातीची ही. पळवणे कोणालाही येते. बक्षीस थांबवण्याला द्या.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या गावात अशी एखादी गाडी आली असेल तर तिला नाक मुरडू नका. ती एक दिवस वर्गात मागून घ्या, टाकी रिकामी करून. गुरुत्वमध्य, घर्षण, ज्वलन, गुणोत्तर, सारे धडे तिच्यात आहेत. 25 ला 1 हे प्रमाण फळ्यावर कंटाळवाणे वाटते. इंजिन वाचवायचे आहे म्हटले, की मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा मनापासून गणित करतो. आणि प्रत्येक गाडीची एक वही ठेवायला सांगा. कोणत्या तारखेला काय तपासले, काय बदलले, किती वेळ चालवली. ज्या मुलाला वही लिहायची सवय लागली, तो उद्या ट्रॅक्टर, पंप, मोटार, काहीही नीट सांभाळील.

आमच्या त्या गाडीचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. बापाने रागाने ती भंगारात द्यायचे ठरवले होते. मीच म्हटले, "थांब, आधी मला माझी चूक दुरुस्त करू दे." मुलाची पोटरी बरी झाल्यावर आम्ही तिघांनी मिळून पंधरा दिवस ती गाडी सोडवली. दबलेली केबल मुलानेच शोधून काढली. हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवत तो खाली वाकून बघत होता, आणि एकदम ओरडला, "गुरुजी, हितं अडकतंय!" त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो खळ्यातल्या दोन चकरांत मला दिसला नव्हता.

आता दर रविवारी बाजार समितीच्या मोकळ्या शेडमध्ये, सचिवांच्या परवानगीने, ती गाडी तासभर चालते. सुरू करण्याआधी मुलगा वही काढतो आणि एकेका ओळीपुढे खूण करतो. परवा मी सहज म्हटले, "आज घाई आहे, तपासणी राहू दे." तो दोरीला हातही लावीना. आजी बाजूला बसली होती. ती काही बोलली नाही. फक्त माझ्याकडे पाहून हसली.